माटुंग्यात एक दिवस, एक प्लेट तिघांत

खाण्यावर बोलायला बोलावलंत आणि वेळ दिलीत दुपारी साडेबाराची. म्हणजे माझ्या बोलण्यात जीव असो-नसो, तुमच्या पोटातले कावळे मला साथ देणार हे नक्की!

गेल्या डिसेंबरात मी, माझा भाचा आणि त्याची बायको असे तिघं सकाळी सातला माटुंग्याला पूर्वेकडे उतरलो. ठरवलं होतं की दिवसभर इथंच खायचं, आणि माटुंग्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. नियम एकच होता. कुठंही गेलो तरी एक पदार्थ, आणि तो तिघांत. भाच्याने हा नियम पहिल्याच ठिकाणी मोडला, ते सोडा.

पहिलं ठिकाण स्टेशनासमोरचं राम आश्रय. हे १९३९ सालचं. एवढ्या सकाळीही बाहेर माणसं उभी होती. आत अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळते आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. इडली आली, उपमा आला. इथल्या शिऱ्याची चव रोज बदलते, आमच्या वाट्याला अननसाचा आला. तूप इतकं होतं की चमचा ठेवला तिथून घसरत होता. भाच्याने आख्खी प्लेट स्वतःकडे ओढली.

बाहेर आल्यावर त्याची बायको रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागली. भांडारकर रोड, तेलंग रोड, चंदावरकर रोड, भाऊ दाजी रोड. म्हणाली, "मामी, नावं आपल्या पंडितांची आणि वास सांबाराचा, हे कसं काय?" प्रश्न फार चांगला होता. तिथंच फुटपाथवर उभं राहून मी तिला उत्तर दिलं, तेच तुम्हाला सांगते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांमुळे तो पसरला असं सरकारने धरलं, आणि शहर सुधारायला १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून काढली. रुंद रस्ते, झाडं, बागा. आज आपण माटुंगा शहरात मोजतो, पण तो जन्माला आला उपनगर म्हणून. इथल्या इमारतींत चाळीसारखा सामाईक संडास नव्हता, ब्लॉकला स्वतःचं स्वयंपाकघर आणि मोरी होती. हे ब्लॉक ज्यांना सोयीचे वाटले त्यांत रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, कंपन्यांत कारकून आणि टायपिस्ट म्हणून आलेली तमिळ माणसं बरीच होती. सोवळं सांभाळायचं तर स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचा नळ हवाच.

पण सगळेच बिऱ्हाड घेऊन आले नव्हते. एकटे आलेले तरुण जेवणार कुठं? त्यातून आली बोर्डिंगं. महिन्याचे पैसे भरा आणि दोन्ही वेळ जेवा. 'बोर्डिंग' हा शब्द आजही एका पाटीवर शिल्लक आहे, तिकडं दुपारी येतेच.

आता खरी गंमत. दहाच्या सुमाराला आम्ही किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासमध्ये गेलो. रसम इडली आणि नाचणीचा डोसा मागवला. रसमात बुडालेली इडली फुगते तशी फुगू द्यायची, घाई करायची नाही. आजूबाजूला सगळे पोडी-तूप, पोडी-तूप करत होते; पोडी म्हणजे डाळी-मिरचीची कोरडी चटणी. हॉटेल १९४० सालचं, नाव मद्रास. चालवणारे कोण? कामत. मद्रासशी संबंध नाही, घरची बोली कोकणी. गौड सारस्वतांची अनेक घराणी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे गोवा सोडून दक्षिणेला कानडी मुलखात गेली. त्यांच्यातले काही विसाव्या शतकात मुंबईला आले आणि इथल्या तमिळ कारकुनांना इडली खाऊ घालू लागले. आणि हे हॉटेल आहे कुठल्या रस्त्यावर? भाऊ दाजी रोडवर! भाऊ दाजी लाड गोव्यातल्या मांद्र्याचे. म्हणजे एक गोवेकर पाटीवर आणि दुसरे गल्ल्यावर. आणि आपण मराठी माणसं वर्षानुवर्षं या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळत आलो, 'मद्रासी'. मीही म्हणायचे. तमिळ वेगळे, उडुपीकडचे तुळू वेगळे, कोकणी वेगळे, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, सांबाराने शिकवलं. उडुपीकडच्या सांबारात गूळ लागतो, तमिळ घरच्या सांबारात तो सहसा नसतो.

उलट बाजूही आहे. माटुंग्यातल्या उडप्यांकडे दही मिसळ मिळते. झणझणीत कटाची सवय असलेल्याला ती पाहून रडू येईल, पण थंड, आंबट-गोड अशी ती वेगळीच चीज आहे. मिसळ म्हणून खाऊ नका, म्हणजे आवडेल.

दुपारी ए. रामा नायक यांचं उडिपी श्री कृष्ण बोर्डिंग. १९४२ सालचं, स्टेशनालगत, जिना चढून वर. रांग होती, आम्ही थांबलो. नियम बाजूला ठेवून तिघांनी तीन पानं घेतली. केळीचं पान मांडलं की वाढपी थांबत नाहीत. भाजी, कोशिंबीर, पुरी, मग भात, आणि भातावर आधी सांबार, मग रसम, शेवटी ताक. पानावर हात आडवा धरल्याशिवाय सुटका नाही. मी दुसऱ्यांदा रसम नुसतं वाटीतून प्यायले. त्या दिवसातलं सर्वांत चांगलं काय, असं विचाराल तर तेच.

त्यानंतर पाच बागांत दीड तास निव्वळ चाललो. संध्याकाळी इराण्याकडे चहा घेतला, त्यावर फार सांगण्यासारखं नाही, चहा चहासारखा होता. मग बाजारात कॉफीची पूड घ्यायला थांबलो. दुकानदाराने विचारलं, "चिकोरी किती?" चिकोरी म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड. भाच्याला वाटलं चिकोरी म्हणजे भेसळ, तो ताठपणे म्हणाला, "अजिबात नको." दुकानदार हसला. फिल्टर कॉफीला तो दाट रंग आणि कडसरपणा चिकोरीनेच येतो. शेवटी ऐंशी-वीस घेतली.

आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, हे सगळं पोटात मावलं कसं? नाही मावलं. रात्री घरी कुणी जेवलं नाही. तुम्ही जाल तेव्हा दुपारचं जेवण आणि सकाळचा डोसा यांत तीन तासांचं अंतर ठेवा, निघताना डबा बरोबर घ्या, आणि सोमवारी मात्र जाऊ नका, नायकांकडे कुलूप असतं.