माशासाठी बांधलेली माशी
(बेळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलाच्या कडेला हा छोटा शेगडा आवळलाय, त्याच्या तोंडात एक गळ आहे. मागच्या रांगेतून तो दिसणार नाही, कारण त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. नंबर १४. या कामात नंबर वाढला की गळ लहान होतो. बोलता बोलता मी त्यावर पिसं-धाग्याची एक खोटी माशी बांधणार आहे, माशाला फसवायला.

आमचं घर वडगावचं, मागावरचं. झोपेतसुद्धा धागा तुटल्याचं कळायचं, कारण खटखट बदलायची. त्यामुळे माशी बांधायचा धागा पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यावरचा ‘७० डेनियर’ हा शब्द वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं. डेनियर म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये मोजायचं. म्हणजे हा धागा नऊ हजार मीटर घेतला तर सत्तर ग्रॅम भरेल. पूर्वी यासाठी रेशीम वापरत आणि त्याला मेण चोळत.

आपल्याकडे मरळ धरायला गळाला बेडूक लावतात, बाकीच्यांना गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर खाण्यासारखं काहीच नसतं. पिसं, लोकर, केस आणि धागा, एवढंच. ही माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरीच वजनदार करतात. फेकायची ती दोरी, माशी तिच्यामागून जाते.

ही युक्ती जुनी आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांविषयी लिहून ठेवलंय. तिथल्या नदीवर एक माशी उडायची आणि मासे तिला टिपायचे. पण ती माशी हातात धरली की तिचा रंग जायचा, पंख कोमेजायचे आणि मासा तोंड लावायचा नाही. मग त्या लोकांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली आणि कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. हा मेणाचा रंग लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. पुढे १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तकात बारा माश्यांची वर्णनं आली, आणि तिथून हे शास्त्र वाढत गेलं.

आता मलप्रभेवर चला. कणकुंबीहून निघालेली नदी खानापूरकडे येते, त्या पट्ट्यात. डिसेंबरात पाणी निवळशंख असतं. गुडघाभर पाण्यात उतरा आणि खळाळातला नारळाएवढा एक दगड उचलून उलटा करा. ओल्या दगडावर काहीतरी चपटं, तपकिरी, वाकडंतिकडं पळताना दिसेल. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पातळ पानं थरथरत असतात आणि मागे शेपटीचे बारीक तंतू. हे मेफ्लाय या कीटकाचं पिल्लू. ते महिनोन् महिने, कुठे कुठे वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली राहतं. मग एका संध्याकाळी वर येतं, पाठ उकलते, पंख फुटतात. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच कीटक. मोठ्या मेफ्लायचं तोंड काहीच खाऊ शकत नाही. काही तास, फार तर एक-दोन दिवस, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. मी दगड पाहून झाला की होता तसाच, त्याच जागी ठेवतो. तुम्हीही ठेवा.

आता मासा या कीटकाला कसा पाहतो? माशी बांधणाऱ्याचं सगळं कसब या एका प्रश्नात आहे. पाण्याखालून वर पाहिलं की डोक्यावर एक गोल खिडकी दिसते, साधारण ९७ अंशांची. डोळा एक फूट खोल असेल तर ही खिडकी सव्वादोन फुटांची. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचे दगडच उलटे दिसतात. तरंगत येणारी माशी आधी या आरशावर असते. तिचं अंग माशाला दिसत नाही. तिचे पाय जिथे पाण्याला दाबतात तिथे उजेडाचे बारीक ठिपके चमकतात, तेवढेच दिसतात. मग ती खिडकीच्या कडेला येते आणि पंख दिसतात. मी सुरुवातीची दोन वर्षं माझ्या डोळ्यांना आवडतील अशा माश्या बांधल्या. डोळे काढले, सहा पाय मोजून लावले. पाण्यात पडल्या की त्या दगडासारख्या खाली जायच्या.

तर आता बांधू. गळाच्या दांड्यावर धाग्याचे वेढे, एकाला एक लागून, जसे कांडीवर. ताण एवढा की अजून थोडा ओढला तर तुटेल. सैल धाग्यानं बांधलेली माशी दुसऱ्या फेकीला गळावर गरागरा फिरते. शेपटीला गावठी कोंबड्याच्या पिसाचे सहा-सात तंतू. अंगाला मोरपिसाचे तंतू, आपसूक गळालेल्या पिसाचे. हे ठिसूळ असतात, म्हणून धाग्याभोवती पीळ देऊन मगच गुंडाळायचे. लोकर किंवा सशाचे केस वापरायचे असतील तर ते धाग्यावर चिमटीत वळावे लागतात. आजी समईची वात वळते ना, अगदी तसंच, एकाच दिशेनं. माझ्या आजीनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, “कोंबड्याची पिसं घेऊन काय करालास रे?” आणि मग स्वतःच वळून दिलं. माझ्यापेक्षा बारीक वळलं होतं.

आता मानेचं पीस. कोंबड्याच्या मानेवरची पिसं लांब, अरुंद आणि ताठ तंतूंची, कोंबडीची मऊ. मऊ पीस पाणी पितं, म्हणून ते बुडणाऱ्या माशीला. ताठ पीस गळाभोवती उभं गुंडाळलं की तंतू चहूबाजूंनी फाकतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याला न भिजता उभी राहते. उजेडाचे ते ठिपके या टोकांनी पडतात. पाच वेढे पुरे. एकेकाळी भारतातल्या गावठी कोंबड्यांच्या मानेची पिसं विलायतेतल्या बांधणाऱ्यांकडे भरपूर जात. हल्ली अमेरिकेत फक्त या पिसांसाठी कोंबडे पैदास करतात.

आणि इथे मला आपल्या जंगलाबद्दल बोलायचंय. भीमगडच्या बाजूला पहाटे जो राखी रानकोंबडा आरवतो, त्याच्या मानेच्या प्रत्येक पिसावर फिकट पिवळसर ठिपका असतो, मघाच्या त्या मेणाच्या रंगाचा. भिंगाखाली पाहिलं तर तिथे पिसाचे तंतू सुटे राहिलेले नसतात, एकजीव होऊन चकचकीत पातं झालेलं असतं. लाखेचा थेंब सांडून वाळावा तसं. स्कॉटलंडच्या सामन माशासाठी बांधलेल्या शोभिवंत माश्यांच्या गालांवर हेच पीस लावायचे. पाण्यात ते लहान माशाच्या डोळ्यासारखं दिसतं. सह्याद्रीतल्या पक्ष्याच्या मानेचं पीस तिकडच्या नदीत पोहोचलं, ते किती माना कापून, याचा विचार केला की मला अस्वस्थ होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण आहे. तरी एकदा एका माणसानं माझ्यासमोर वाळवलेली अख्खी मान ठेवली, “तुम्हाला लागतंय म्हणून आणलो” म्हणाला. मी ती परत केली. पण वनखात्याला कळवलं नाही. ती चूक मला अजून टोचते. आज परदेशात हा पक्षी पाळून त्याची पिसं मिळवतात, आणि ज्याला तेवढ्यासाठीही जीव नको असेल त्यानं कोंबडीच्या काळ्या पिसावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. मी तेच करतो.

आपल्या नद्यांत खडस आहे, म्हणजे म्हसीर. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेवरून तिची नोंद केली तेव्हा शास्त्रीय नावात ‘खुद्री’ घातलं, ते आपल्याच लोकांच्या तोंडचं. तिच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. त्यांनी ती खेकडा फोडते, झाडावरून पडलेली फळं खाते, कीटकही खाते. तिच्यासाठी माशी बांधायची तर या नाजूक १४ नंबरपेक्षा बरीच मोठी आणि दणकट बांधावी लागते.

झालं. शेवटची गाठ. धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली घालून ओढायचं, म्हणजे गाठ दिसतही नाही आणि सुटतही नाही. त्यावर वार्निशचा एक थेंब. गळाच्या डोळ्यात वार्निश जाऊ देऊ नका, नाहीतर नदीवर दोरी ओवताना संध्याकाळ निघून जाते. गळाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून सपाट केलाय, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. आता ही पुढच्या रांगेतून फिरवतो. तळहातावर ठेवा आणि खालून, दिव्याकडे धरून पाहा.