सिद्धतेतली खोट

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या, नसेल तर मनातच करू. ६ चा घन, म्हणजे ६ गुणिले ६ गुणिले ६, होतो २१६. ८ चा घन ५१२. या दोन घनांची बेरीज ७२८. आणि ९ चा घन? ७२९. एकाने हुकलं. आता ९ आणि १० घेऊ. त्यांचे घन ७२९ आणि १०००, बेरीज १७२९. रामानुजनांमुळे हा आकडा तुमच्या ओळखीचा असेल. १२ चा घन १७२८, म्हणजे पुन्हा एकाचाच फरक, फक्त या खेपेला दुसऱ्या बाजूने. एकाने हुकणारी अशी उदाहरणं हवी तितकी काढून देणारं सूत्रच रामानुजनांनी लिहून ठेवलं आहे. पण बेरीज तंतोतंत जमेल असं उदाहरण? एकही नाही.

वर्गांचं तसं नाही. ३ चा वर्ग आणि ४ चा वर्ग मिळून ५ चा वर्ग होतो, हे आपण शाळेतच शिकलो. अशी त्रिकुटं अगणित आहेत. पण घन घ्या, चौथा घात घ्या, हजारावा घ्या, शून्य सोडून दोन पूर्ण संख्यांच्या तशा घातांची बेरीज तिसऱ्या संख्येचा तोच घात कधीच होत नाही. तुलूजचे न्यायाधीश पिएर द फर्मा यांनी १६३७ च्या सुमारास प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात हे लिहिलं, आणि सोबत असंही लिहिलं की याची एक सुंदर सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावेल इतकी जागा इथे नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १६७० मध्ये, मुलाने ती टिपणं छापली. तेव्हापासून शोध सुरू झाला.

कोणी म्हणेल, संगणकावर कोट्यवधी संख्या तपासल्या की झालं. नाही होत. थोर गणिती ऑयलर यांनी याच जातीची एक अटकळ बांधली होती. तिच्यानुसार चार संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज आणखी एखाद्या संख्येचा पाचवा घात होऊ शकत नाही. जवळपास दोनशे वर्षं तिला कोणी धक्का लावू शकलं नाही. मग १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांना संगणकावर एक उदाहरण सापडलं. २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज बरोबर १४४ चा पाचवा घात आहे. एका उदाहरणाने अटकळ कोसळली. म्हणून सिद्धताच हवी, जिच्यात अनंत संख्यांपैकी एकही निसटणार नाही अशी.

सुरुवातीला एकेक घातांक घेऊन झुंज चालली. चौथा घात स्वतः फर्मांनी सोडवला, घन ऑयलरांनी. पाचव्यासाठी १८२५ मध्ये डिरिक्ले आणि लजाँद्र, सातव्यासाठी १८३९ मध्ये लामे. मधल्या काळात पॅरिसच्या सोफी जर्मेन यांनी एकेक घातांक सोडून मूळ संख्यांच्या एका अख्ख्या गटालाच हात घातला. बाई म्हणून आपल्याला कोणी गांभीर्याने घेणार नाही, या धास्तीने त्या थोर जर्मन गणिती गाउस यांना 'मस्य लब्लाँ' अशा पुरुषी नावाने पत्रं लिहीत. खरं काय ते कळल्यावर गाउस यांनी त्यांच्या धैर्याचं आणि बुद्धीचं मनापासून कौतुक केलं.

आता १ मार्च १८४७ कडे येऊ. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत लामे उभे राहिले आणि त्यांनी फर्माचं प्रमेय सुटल्याचं जाहीर केलं. मूळ कल्पना गणिती ल्यूव्हिल यांच्याशी बोलताना सुचली, असं सांगून त्यांनी श्रेयही वाटून घेतलं. त्यावर ल्यूव्हिल उठले आणि श्रेय बाजूला ठेवून त्यांनी शंका काढली. लामे यांच्या पद्धतीत नव्या प्रकारच्या संख्या होत्या. त्या संख्यांचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, हे कोणी सिद्ध केलं आहे?

शंका किती खोल होती, ते एका सोप्या उदाहरणात पाहू. ६ म्हणजे २ गुणिले ३, दुसरी तऱ्हा नाही. पण वजा ५ चं वर्गमूळ आपल्या संख्यांमध्ये सामील करून घ्या. मग '१ अधिक ते वर्गमूळ' आणि '१ वजा ते वर्गमूळ' यांचा गुणाकार १ अधिक ५, म्हणजे पुन्हा ६ च येतो. एकच ६, आणि तो दोन वेगळ्या तऱ्हांनी फुटला. दोन्हीकडचे अवयव यापुढे आणखी फुटत नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात जर्मन गणिती कुमर यांचं पत्र ल्यूव्हिल यांनी अकादमीत वाचून दाखवलं. लामे यांच्या संख्यांतही असंच घडतं, हे कुमर यांनी तीन वर्षं आधी छापलं होतं. लामे यांची सिद्धता तिथेच संपली. पण मोडलेलं गणित सावरण्यासाठी कुमर यांनी 'आदर्श संख्या', म्हणजे अवयव पुन्हा एकाच तऱ्हेने पडावेत म्हणून कल्पिलेल्या संख्या, ही कल्पना मांडली होती. तिच्या जोरावर शंभराखालच्या विषम मूळ घातांकांपैकी ३७, ५९ आणि ६७ एवढे तीनच उरले. आणि त्याच कल्पनेतून अशा नव्या संख्यांचा अभ्यास करणारं बीजीय संख्याशास्त्र उभं राहिलं.

या साऱ्या कथेत मला सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो खोट दाखवणाऱ्यांबद्दल. इतिहासात त्यांची नावं बारीक अक्षरांत येतात. ती ठळक यायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

एकशे शेहेचाळीस वर्षांनी तसाच प्रसंग आला. १९८६ मध्ये अमेरिकन गणिती केन रिबेट यांनी दाखवलं होतं की तानियामा आणि शिमुरा या जपानी गणितींची 'एलिप्टिक कर्व्ह' या खास प्रकारच्या वक्रांबद्दलची अटकळ सिद्ध झाली, तर फर्माचं प्रमेय आपोआप सिद्ध होतं. दहाव्या वर्षी वाचनालयात हे कोडं भेटलेले ब्रिटिश गणिती अँड्र्यू वाइल्स यांनी मग सात वर्षं, जवळजवळ गुपचूप, एवढंच काम केलं. २३ जून १९९३ रोजी केंब्रिजला त्यांनी सिद्धता जाहीर केली आणि जगभर बातमी झाली. मग हस्तलिखित तपासणीला गेलं. तपासणाऱ्या गणितींपैकी निक कॅट्झ ओळ न ओळ वाचत होते, अडेल तिथे विचारत होते. त्यातल्या एका प्रश्नाला वाइल्स यांच्याकडे उत्तर नव्हतं. खोट खरीच निघाली.

आता सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत दुरुस्ती करायची होती. वाइल्स यांचे माजी विद्यार्थी रिचर्ड टेलर मदतीला आले, महिने गेले. १९ सप्टेंबर १९९४ च्या सकाळी वाइल्स आपली पद्धत का चालत नाही, निदान तेवढं तरी समजून घ्यावं म्हणून बसले होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती जिथे अडते, नेमकं तिथेच त्यांनी पूर्वी सोडून दिलेली दुसरी पद्धत चालू लागते. १९९५ मध्ये दोन लेख प्रसिद्ध झाले आणि प्रमेय सुटलं.

फर्मांपाशी खरंच सिद्धता होती का? मला नाही वाटत. पुढच्या पत्रांत ते तिसऱ्या आणि चौथ्या घाताचंच आव्हान देत राहिले. बहुधा आपली खोट त्यांना स्वतःलाच दिसली असावी.

तपासणी मात्र थांबलेली नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे केव्हिन बझर्ड आणि त्यांचे सहकारी ही सिद्धता 'लीन' नावाच्या संगणकीय भाषेत उतरवत आहेत. तिथे प्रत्येक पायरी यंत्र तपासतं. 'हे उघडच आहे' म्हणून पुढे सरकता येत नाही. १९८० च्या दशकात ज्ञात असलेल्या निष्कर्षांपर्यंत सिद्धता नेऊन भिडवायची, हा पहिला टप्पा. धन्यवाद.