पावणेपाचचा गजर

मंडळी, माझी चुलती तासगाव तालुक्यात राहते. सत्तरी ओलांडली आहे, पण द्राक्षबाग अजून तीच बघते. मागं एकदा शेतीची लाइट पहाटे पाचला यायची. मोटर चालू करायला लाइटीच्या आधी विहिरीवर पोचायचं, म्हणून तिनं फोनला सांगितलं, "मला पावणेपाचला उठीव." फोननं पाचचा गजर लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग नातवानं "चार पंचेचाळीस" म्हटलं आणि गजर बरोबर लागला. काकी म्हणाली, "ह्याला माझं बोलणं कळत न्हाई." हे वाक्य माझ्या मनाला फार लागलं, कारण चूक तिच्या बोलण्यात नव्हतीच.

फोन आपला आवाज सेकंदाला साधारण 16,000 वेळा मोजतो. त्याचे 25 मिलिसेकंदांसारखे बारीक तुकडे पाडून अक्षरांचा, मग शब्दांचा अंदाज बांधतो. शब्द हाती आले की काम ओळखायचं: गजर लावायचाय, किती वाजता? 'पावणे' दोन्हीकडं अडकू शकतं. एक तर ते घाईत बोललं जातं आणि कानावर नीट पडत नाही. पडलं, तरी त्याचा हिशेब पुढच्या आकड्यावर ठरतो. पावणेपाचात पंधरा मिनिटं कमी, पावणेदोनशेत पंचवीस कमी, पावणेदोन लाखांत पंचवीस हजार कमी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा, बेदाण्याचा सौदा चालतो तिथं सव्वा, दीड, अडीच, साडे हेच तोंडात असतं. ज्या मशीनला हे येत नाही, तिला मराठी येते असं मी म्हणणार नाही.

आता यातली एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. मशीनला किती कळलं हे मोजायची रूढ पद्धत अशी: चुकलेले, गळालेले आणि जादा आलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येनं भागायचं. काकी म्हणाली 'पावणेपाचला'. मशीननं 'पावणे पाचला' असं तोडून लिहिलं, तर एक शब्द बदलला आणि एक जादा आला, म्हणजे दोन चुका. मशीननं नुसतं 'पाचला' लिहिलं, तर एकच चूक. जिथं काकीचं काम झालं असतं तिथं गुण कमी, आणि जिथं तिची पंधरा मिनिटं गेली तिथं गुण जास्त! म्हणून मशीनला मराठी बोलणं शिकवायच्या आमच्या कामात मी हट्टानं दुसरा रकाना ठेवतो: सांगितलेलं काम झालं का?

आवाजांचा तुटवडा हे दुसरं दुखणं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर आहेत. तरीही 2022 साली आलेलं व्हिस्पर हे बोललेलं ऐकून लिहून देणारं गाजलेलं मॉडेल 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलं, त्यातला सुमारे दोन तृतीयांश इंग्रजी; मराठी नावापुरती. कॉमन व्हॉइससारख्या खुल्या उपक्रमात मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, आणि तो द्यावा. पण छापील वाक्य वाचणं वेगळं, आणि गोठ्यातून "उठीव" म्हणणं वेगळं. आम्हाला ते दुसरं हवंय.

आणि शंका असेल तर मशीननं विचारावं. "चार पंचेचाळीसला उठवू ना?" एवढंच. आपला गडीसुद्धा नीट ऐकू आलं नाही तर विचारतो. प्रत्येक वेळी विचारलं तर माणूस कंटाळेल हे खरं. पण वेळ, पैसे आणि औषध या तिन्हींत विचारलंच पाहिजे.

गेल्या महिन्यात काकीच्या पडवीत बसून मी तिची चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली. मागं कुत्रं भुंकत होतं, ते तसंच ठेवलं. आधी तिनं विचारलं, "माझा आवाज कुठं जाणार?" कुठं राहील, कोण ऐकेल, ती म्हणेल तेव्हा कसा पुसता येईल, हे सगळं सांगितलं, तेव्हाच ती बोलायला लागली. यादी संपल्यावर ती आपणहून म्हणाली, "ताकारीचं पाणी सुटलंय का बघ." ताकारी म्हणजे आमच्याकडची उपसा सिंचन योजना. मशीननं लिहिलं, 'तक्रारीचं पाणी'. इथल्या बागाईतदाराला उन्हाळ्यात रोज पडणारा हा प्रश्न, आणि माझ्या चाळीस वाक्यांत तो नव्हता. एक्केचाळिसावं म्हणून मी तो हातानं लिहून घेतला.