दुसऱ्याच्या टेबलावरची कामं आधी

समोर बारावीची पोरं बसलीत आणि त्यांच्यापेक्षा जास्त टेन्शनमध्ये आईबाबा, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. बारावीनंतरच्या अ‍ॅडमिशनची कामं दोन प्रकारची. एक आपल्या हातातली, म्हणजे फोटो, सही, स्कॅन, फॉर्म, ही एका रात्रीतही उरकतात. दुसरी म्हणजे कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसणारी, डोमिसाइल म्हणजे रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आरक्षणासाठी लागणारं नॉन क्रीमीलेयर सर्टिफिकेट, जात पडताळणी. आणि आपण काय करतो, तर मेनरोडवरून मस्त फाइल आणतो, झेरॉक्सचे तीन सेट काढून लावून ठेवतो, आणि निकाल लागला की सेतूच्या लाइनीत उभे!

जात पडताळणीचं, म्हणजे व्हॅलिडिटीचंच घ्या ना. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांचा नाहीतर पणजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शिकले निफाडकडच्या नाहीतर येवल्याकडच्या एखाद्या झेडपीच्या शाळेत, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, आणि तुम्ही जाणार मे महिन्यात, शाळेला कुलूप, गुरुजी गावाला. बरं उतारा मिळाला तरी त्यात कधीकधी आडनावच नसतं, नुसतं नाव आणि वडलांचं नाव, मग नातं दाखवायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करत बसा. हे अकरावीतच सुरू करायचं काम आहे, कॉलेजमार्फत अर्ज जातो. इथे कुणाचा लहान भाऊ दहावीला असेल तर त्याचंही आजच डोक्यात घ्या.

नॉन क्रीमीलेयर घरात आहे म्हणून निवांत राहू नका, त्यावरची मुदत वाचा, ती ३१ मार्चला संपते. पोर्टलवर कागद दिसतो, पण स्क्रूटिनीत, म्हणजे कागद तपासताना, तारीख बघतात.

नावाचं पण तेच, दुरुस्तीचं काम दुसऱ्याच्याच टेबलावर. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. आत्ता घरी जाऊन दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आणि एक, सायबर कॅफेवाल्या दादाकडून फॉर्म भरायला माझी काही हरकत नाही, पण मोबाइल नंबर अन् ईमेल तुमचाच टाका. नाहीतर ओटीपी त्याच्या फोनवर जातो, तो बिचारा चाळीस पोरांचे फॉर्म भरतोय आणि दुपारी जेवायला गेला की तुमचं लॉगिन पण जेवायला गेलं. तारखांसाठी प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरची नोटीस बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या वर्षीचं टाइमटेबल पण फिरत असतं.

कॉलेजांची पसंती भरायचा ऑप्शन फॉर्म मात्र घाईत नको. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडमध्ये बेटरमेंट, म्हणजे दुसरी सीट मागणं, नाही. त्यामुळे काकांनी सांगितलं म्हणून पुण्याचं कॉलेज एक नंबरला टाकायचं आणि हॉस्टेलचा खर्च नंतर बघू म्हणायचं, असं करू नका. आधी आईबाबांसोबत बसून फी, मेस, रूम सगळं कागदावर मांडा, तो आकडा झेपत असेल तरच ते कॉलेज एक नंबरला टाका. चला, आता प्रश्न विचारा.