टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?

(दृश्य: उघडं बोनेट. इंजिनच्या एका बाजूला काळं प्लॅस्टिकचं झाकण. एक हात त्याच्या क्लिपा काढतोय.)

दोन-तीन क्लिपा, एखादा बोल्ट. एवढं सोडवलं की बेल्ट असलेल्या अनेक डिझेल इंजिनांमध्ये टायमिंग बेल्टचा वरचा वीतभर भाग दिसतो. दीड बोट रुंदीचा काळा रबरी पट्टा, आतून दात असलेला आणि बाहेरून सपाट. त्यावर बॅटरीचा उजेड टाकून बघा. चीर नाही, कडा शाबूत आहेत, अंगठ्याने दाबलं तर रबर घट्ट लागतं.

गाडी विकणारा शेजारी उभा राहून म्हणतो, "बघा ना साहेब, बेल्ट नव्यासारखा आहे." तो खोटं बोलत नाहीये. बेल्ट खरंच नव्यासारखा दिसतोय. पण या बेल्टचं दिसणं आणि त्याचं उरलेलं आयुष्य यांचा जवळपास काहीच संबंध नाही, आणि वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्या कित्येकांना हे फार उशिरा कळतं.

(दृश्य: कापलेलं इंजिन. खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट, दोघांना जोडणारा बेल्ट.)

बेल्टचं काम सांगायला सोपं आहे. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडणारा वरचा दांडा. खाली क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वर कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. ताशी ५० च्या सरासरीने १ लाख किलोमीटर म्हणजे २,००० तास. तेवढ्या वेळात क्रँक २४ कोटी वेळा फिरतो. या २४ कोटी फेऱ्यांत बेल्टने दोन-तीन दात जरी सोडले, तरी खेळ संपला.

पूर्वी हे काम गिअर किंवा साखळी करायची. दात असलेला रबरी बेल्ट मोठ्या उत्पादनाच्या मोटारीत पहिल्यांदा आला तो १९६२ मध्ये, पश्चिम जर्मनीच्या ग्लास १००४ या गाडीत. वजनाला हलका, आवाज नाही, तेल लागत नाही. १९७६ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ डिझेल आली. तिच्यात हाच बेल्ट कॅमशाफ्टबरोबर डिझेलचा इंजेक्शन पंपही फिरवू लागला. आजही अनेक डिझेल इंजिनांत डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा वॉटर पंप याच एका बेल्टवर चालतात.

सुरुवातीचे बेल्ट निओप्रीनचे असायचे. उष्णतेने ते कडक व्हायचे, त्यांना चिरा पडायच्या आणि त्या डोळ्यांना दिसायच्या. "बेल्टला चिरा आहेत का बघ" हा जुन्या मिस्त्रींचा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळी तो बरोबरच होता. नंतर एचएनबीआर नावाचं जास्त टिकाऊ रबर आलं, त्याला सहजासहजी चिरा पडत नाहीत. शिवाय ओढ सोसणारा खरा भाग रबर नाहीच. रबराच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, सगळा भार त्यांच्यावर. त्या आतल्या आत थकतात आणि वरचं रबर आहे तसंच गुळगुळीत राहतं. म्हणून झाकण उघडून, बघून, "चालेल अजून वर्षभर" म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

(दृश्य: टेबलावर एक वाकलेला व्हॉल्व्ह. बोटाने हलकेच ढकलल्यावर तो लडबडत फिरतो.)

हा व्हॉल्व्ह माझ्या पहिल्या डिझेल गाडीचा आहे. सपाट टेबलावर सरळ व्हॉल्व्हची दांडी फिरवली तर तिचं टोक जागेवर राहतं. याचं टोक बघा, कसं वर-खाली होतंय.

गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मीटरवर ७० हजारांच्या आसपास. पुस्तकात बेल्टसाठी १ लाखाचा आकडा होता, म्हणून मी निश्चिंत होतो. त्याच ओळीत पुढे वर्षांचाही आकडा छापलेला होता, तो मी वाचलाच नाही. एका सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू जात असताना टक्‌ असा एकच आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टवरच चालतो, कॅम थांबला की तोही थांबतो. हे मला नंतर समजलं. वेग कमी होता म्हणून निभावलं.

आणि मग मी तेच केलं जे करायचं नसतं. पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर नेहमीसारखा अडखळत, जोर लावत फिरला नाही. हलका, एकसारखा, सुसाट फिरला. धावती गाडी एकदम बंद पडली आणि स्टार्टरचा असा आवाज आला, तर चावी काढून घ्या. पुन्हा स्टार्ट मारू नका, ढकलून चालू करायचा प्रयत्न करू नका. व्हॉल्व्ह ज्या स्थितीत अडकलेत, त्यांच्यावर पिस्टन पुन्हा आदळतो.

हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर दिसलं, आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले आणि पिस्टनच्या माथ्यांवर चंद्रकोरीसारखे घाव. बेल्ट मात्र अखंड होता! तुटलाच नव्हता. वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं, वर बेल्ट अडकला, खाली क्रँक फिरतच राहिला आणि त्याच्या पुलीजवळचे दात झडून गेले. वरून झाकण काढून बघितलेल्या वीतभर भागात त्या दिवशीही काही दिसलं नसतं.

डिझेल इंजिनात हे असं का होतं तेही सांगायला हवं, कारण काही पेट्रोल इंजिनं बेल्ट तुटूनही वाचतात. त्यांच्यात पिस्टन वर आला तरी उघड्या व्हॉल्व्हला लागत नाही. डिझेलला हवा दाबूनच पेटवायचं असतं. हवेला सोळा-सतरा पट, जुन्या इंजिनांत वीस-बावीस पट कमी जागेत दाबायचं. तेवढा दाब आणायचा तर पिस्टनच्या वर जागा ठेवून चालत नाही. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याचा माथा आणि हेड यांच्यात बहुतेक वेळा मिलिमीटरभरसुद्धा अंतर नसतं. त्यात अनेक इंजिनांत हेड सपाट आणि व्हॉल्व्ह सरळ उभे. उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनच्या थेट वाटेत येतो.

(दृश्य: सर्व्हिस बुकचं पान. कोरे रकाने.)

तर मग बदलायचा कधी? प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा आहे. जुन्या इंजिनांत ६० हजार किलोमीटर, पुष्कळ इंजिनांत १ ते १ लाख २० हजार, अलीकडच्या काहींमध्ये २ लाखांच्याही पुढे. वर्षांची मर्यादा साधारण पाच ते दहा. दोन्हींपैकी जे आधी येईल ते. तुमच्या इंजिनाचा कोड आणि उत्पादनाचं वर्ष घेऊनच आकडा शोधा, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या गाडीत एका वर्षी बेल्ट आणि पुढच्या वर्षी साखळी असू शकते. साखळी असेल तर तिचं सहसा वेळापत्रक नसतं, वेळेवर तेल बदलणं आणि आवाजावर कान ठेवणं एवढंच. काही इंजिनांत बेल्ट तेलातच फिरतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल हवं. चुकीच्या तेलाने बेल्टचं रबर सुटतं आणि त्याचे कण तेलाच्या गाळणीत जाऊन बसतात.

पण किलोमीटर हा आकडा मला अपुरा वाटतो. दोन गाड्या घ्या, दोन्ही ६० हजार चाललेल्या. एक मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने, म्हणजे इंजिन १,००० तास चाललं. दुसरी गर्दीत ताशी २० ने, म्हणजे ३,००० तास. मीटर दोघींचं एकच बोलतं, बेल्ट मात्र एकीचा तिप्पट वेळ फिरलाय. त्यावर धूळ आणि बोनेटखालची उष्णता. कंपन्या अवघड वापरासाठी कमी आकडा देतात तो यासाठीच. रोज कोंडीत चालणारी गाडी त्या तक्त्यात बसते, आणि तिच्या मालकाला बहुधा ते माहीत नसतं.

वापरलेल्या गाडीत आणखी एक भानगड. मीटर मागे फिरवता येतं, गाडीचं उत्पादन वर्ष फिरवता येत नाही. म्हणून मी आधी वर्षं मोजतो, मग किलोमीटर. टोयोटाच्या डी-फोर-डी या डिझेल इंजिनाच्या अनेक गाड्यांत ठरावीक किलोमीटर झाले की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. सोय चांगली आहे, पण तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो. बेल्टला काय झालंय ते त्याला दिसत नाही, आणि बेल्ट न बदलताही तो घालवता येतो. दिवा लागलेला नाही, हा बेल्ट बदलल्याचा पुरावा नव्हे.

पुरावा म्हणजे बिल. त्यावर तारीख, किलोमीटर आणि भागांची नावं हवीत. झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी असेल तर चांगलंच, पण त्याच तारखेचं बिल मागा. "मागच्या मालकानं बदललाय म्हणे" यातल्या 'म्हणे'वर इंजिन सोपवू नका. बिल नाही, तर बेल्टची मुदत संपलेली आहे, असं धरून चाला. गाडी पाच वर्षांची असो की बारा, घेतल्याबरोबर पहिलं काम हे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, टायर, सगळं नंतर. हा खर्च गाडीच्या भावातून वळता करून घ्यायचा, आणि त्यासाठी सौदा ठरण्याआधीच विचारायचं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?"

बिल असलं तरी काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून तेल येऊन बेल्ट ओला झालाय. वॉटर पंपाकडून कूलंट गळतंय. झाकणाच्या आत रबराचा काळा भुगा साचलाय किंवा बेल्ट एका कडेला सरकलाय. सकाळी गार इंजिन चालू करताना बेल्टच्या बाजूने किरकिर ऐकू येते. आणि बाहेरचा, अल्टरनेटर फिरवणारा साधा बेल्ट उसवलेला असेल तर तोही लगेच बदला. त्याचा धागा टायमिंगच्या झाकणाखाली ओढला गेला की आतला धडधाकट बेल्टसुद्धा उडवतो.

(दृश्य: नवा सेट. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप.)

नुसता बेल्ट बदलून घेणं ही काटकसर माझ्या अनुभवात सगळ्यात महाग पडते. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) आणि पंप या बेल्टवर असेल तर वॉटर पंप, सगळं एकाच वेळी. त्या पंपापर्यंत पोचायला तेवढीच खोलाखोल पुन्हा करावी लागते. काम चालू असताना शक्य असेल तर जवळ उभे राहा. क्रँक आणि कॅम पिनांनी लॉक केलेत का बघा. नवा बेल्ट कोणी घडी घालून किंवा पिळून ठेवत असेल तर अडवा, आतले काचतंतू तिथेच मोडतात. बेल्ट बसवून ताण दिल्यावर चांगला मिस्त्री चावीला हात लावत नाही. तो मोठा पाना घेऊन क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो, मग पुन्हा खुणा जुळवून बघतो. कुठे अडलं तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही.

बिलावर किलोमीटर लिहून घ्या, आणि काढलेले भाग मागून घ्या.

(दृश्य: तळहातावर जुना आयडलर. दुसऱ्या हाताचं बोट तो फिरवतंय.)

हा जुना आयडलर. बाहेरून चकचकीत. कानाजवळ धरून फिरवला की आत वाळू अडकल्यासारखी खरखर ऐकू येते. आता शेजारचा नवा फिरवून बघू. आवाज नाही.