एक पीसी, दोन लिनक्स: ग्रब कुणाच्या ताब्यात?

[दृश्य: देवगड, जून महिना. पत्र्यावर पाऊस. दुकानातल्या टेबलावर उघडलेला पीसी.]

आंब्याचा हंगाम आटोपला, म्हणून हा पीसी मोकळा आहे. एरवी त्यावर पेट्यांची लेबलं आणि बिलं छापली जातात. आत डेबियन १२ (एक लिनक्स) आहे, प्रिंटर त्याच्याशी नीट जुळलेला आहे, आणि मालकाला ती घडी मोडायची नाही. शेजारी फेडोरा, म्हणजे दुसरं लिनक्स, हवंय, मुलीच्या कॉलेजच्या कामाला. मग पीसी चालू होताना दोन्हींची यादी दाखवून हवं ते सुरू करणारा बूटलोडर, म्हणजे ग्रब, कुणाचा ठेवायचा?

आधी जागा करायची. डेबियनचं पार्टिशन (डिस्कचा भाग) ईएक्सटी४ पद्धतीचं आहे, ते चालू असताना लहान होत नाही, म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हा पार्टिशन बदलायचा प्रोग्रॅम उघडायचा. बूट मेनूत, म्हणजे पीसी कशावरून चालू करायचा त्या यादीत, तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो. यूईएफआय (पीसी सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेली ओळ निवडा. डेटा सरकत असताना लाईट गेली तर फाइल सिस्टिम अर्धवट राहते, आणि कोकणातल्या पावसात लाईटचा भरवसा काय द्यायचा! यूपीएस नसेल तर हे काम पुढे ढकला. बॅकअप मात्र आजच घ्या.

[दृश्य: फेडोराच्या इन्स्टॉलरची पार्टिशनची खिडकी.]

इथे घाई नको. ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूटलोडर ठेवायचा छोटा भाग, दोघांत एकच. ते निवडायचं, माउंट करायचं, पण फॉरमॅटची खूण काढून टाकायची. ती राहिली तर डेबियनचा बूटलोडर पुसला जातो. डेबियनच्या स्वॅपलाही (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कच्या भागाला) हात लावू नका. ते फॉरमॅट झालं की त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतो, आणि डेबियन चालू होताना जुन्या स्वॅपची वाट बघत दीड मिनिट ताटकळतं.

इन्स्टॉल झाल्यावर पीसी थेट फेडोरात जाईल. घाबरू नका, बूट मेनूतून डेबियन निवडा आणि ईएफआय-बूट-एमजीआर या कमांडने क्रमात ते पहिलं आणा.

आता खरा प्रश्न: डेबियनच्या ग्रबच्या मेनूत फेडोरा कसं आणायचं? दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर चालू करून फेडोराची नोंद आपोआप घेता येते, पण आम्ही तो मार्ग टाळतो. ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद असतो. शिवाय फेडोरा आपल्या कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदी वेगळ्या फाइलींत ठेवतं, त्या ओएस-प्रोबरला धड वाचता येत नाहीत. फेडोराचा कर्नल बदलला की डेबियनच्या मेनूत जुनीच ओळ राहते. त्यापेक्षा डेबियनच्या ग्रबने फेडोराचा बूटलोडर नुसता सुरू करून द्यावा. पुढचं फेडोरा बघेल.

[दृश्य: ४०-कस्टम, म्हणजे ग्रबच्या मेनूत आपल्या नोंदी घालायची फाइल, पडद्यावर मोठी केलेली.]

फाइलीतल्या पहिल्या दोन ओळी तशाच ठेवा, त्यांच्यावरच ती चालते. खाली चार ओळींची नोंद: नाव, सर्च, चेनलोडर (दुसरा बूटलोडर सुरू करणारी आज्ञा), आणि शेवटी महिरपी कंस. सर्चपुढे ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी द्यायचा: आठ अक्षरं, मधे आडवी रेघ. बरेच जण फेडोराच्या रूटचा लांबलचक यूयूआयडी चिकटवतात. मग त्या पार्टिशनवर चेनलोडरला हवी ती फाइलच सापडत नाही. चेनलोडरपुढे ईएफआयमधल्या फेडोरा फोल्डरमधली शिम फाइल, तीच फेडोराचा बूटलोडर सुरू करते. सेव्ह करा, अपडेट-ग्रब चालवा.

एक काम उरतं. जुन्या मदरबोर्डवर सीमॉसचा (बोर्डाच्या सेटिंग्ज जपणाऱ्या चिपचा) तीन व्होल्टचा सेल उतरला, की लाईट गेल्यावर काही वेळा बूटचा क्रमही पुसला जातो. तेव्हा बोर्ड ईएफआयमधल्या बूट फोल्डरमधली ठरावीक फाइल शोधतो. म्हणून डेबियनमध्ये ग्रबचं पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडने पुन्हा उघडा. रिमूव्हेबल मार्गावरही, म्हणजे त्याच बूट फोल्डरात, ग्रब टाकायचा का, असं तो विचारेल, तिथे होय म्हणा. आणि सेल बदला, सीआर २०३२.