नहरेच्या काठी : खैरलांजीचा तपास

पडद्यावर दिसणारे हे पाणी नहरेचे आहे. पुस्तकी मराठीत तिला कालवा म्हणतात, पण भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात तो शब्द फक्त सरकारी फलकावर सापडतो. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावाजवळच्या नहरेत २००६ च्या सप्टेंबरअखेरीस एकाच दलित, बौद्ध कुटुंबातील चौघांचे मृतदेह टाकण्यात आले. सुरेखा भोतमांगे, त्यांचे दोन मुलगे आणि एक मुलगी असे ते चौघे होते. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

आता गाव वरून पाहावे. पावसाळ्याच्या शेवटी बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, धान निसवू लागलेले असते, आणि मधोमध कौलांचा नि टिनांचा एक पुंजका बेटासारखा उभा दिसतो. या पुंजक्यात कोणाकडे कोणता पाहुणा आला, कोणाच्या घरी आज चूल उशिरा पेटली, हे सांजेपर्यंत सर्वांना ठाऊक होते. अशा गावात २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी, अंधार पुरता पडायच्या आत, जमावाने चार माणसांना मारले, आणि दुसऱ्या दिवशी कोणी काही पाहिले नव्हते. हे निवेदन प्रामुख्याने त्या न पाहण्याविषयी आहे.

मात्र त्याआधी एक वाट पाहणे आवश्यक आहे. कॅमेरा जिथे थांबला आहे, तिथे धुऱ्याला लागून ओल्या मातीत बंडीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या उमटल्या आहेत; त्यांत पाणी साचले आहे आणि मधल्या उंचवट्यावर गवत तसेच राहिले आहे. शेतात जाण्याच्या अशा वाटेला विदर्भात पांदण म्हणतात. पांदणीवरून होणारे तंटे गावोगावी आहेत आणि तहसील कार्यालयात त्यांच्या फायली वर्षानुवर्षे पडून असतात. भोतमांगे कुटुंबाच्या सुमारे पाच एकर शेतीतून इतरांना अशीच वाट हवी होती. सुरेखाबाईंनी ती निमूटपणे दिली नाही. त्या शिकलेल्या होत्या, मुलांना शिकवत होत्या, आणि आपल्या सातबाऱ्यावरची जमीन आपली आहे एवढेच त्यांचे म्हणणे होते. हेच म्हणणे गावातील दुसऱ्या एखाद्या जातीच्या घराने मांडले असते, तर प्रकरण बहुधा तहसीलच्या फायलीतच राहिले असते.

या वादात त्यांच्या बाजूने उभे राहणारे एक आप्त शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील होते. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार पोलीस पाटील हा गावातील गुन्ह्याची खबर ठाण्याला देणारा माणूस असतो. ३ सप्टेंबर २००६ रोजी या पोलीस पाटलालाच बेदम मारहाण झाली. ज्याने खबर द्यायची, त्याचीच खबर कोणीतरी देणे आता भाग होते, आणि ती सुरेखाबाईंनी व त्यांच्या मुलीने दिली. मारणाऱ्यांची नावे त्यांनी पोलिसांना सांगितली. त्या प्रकरणातील आरोपींना २९ सप्टेंबरला अटक झाली, त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला, आणि संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या घरावर चालून आला. अटक, जामीन आणि हत्या या तिन्ही गोष्टी एका दिवसात उरकल्या, हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचा तपास समजत नाही. ज्या बाईने साक्ष दिली होती, तिच्या खुनाला आता साक्षीदार हवा होता.

पडद्यावर आंधळगाव पोलीस ठाण्याचा रस्ता दिसतो. घटनेची खबर त्याच संध्याकाळी पोलिसांच्या कानावर गेली होती. भैयालाल यांची फिर्याद मात्र दुसऱ्या दिवशी नोंदवली गेली. त्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, मुलीचा मृतदेह नहरेत मिळाला आणि इतरांचे त्यानंतर सापडले. खुनाच्या तपासात पहिल्या रात्रीला जी किंमत असते, ती नंतर कितीही मोठी यंत्रणा आली तरी भरून निघत नाही. रक्ताळलेली माती, तुटलेली काठी, बंडीच्या फळीवरचा डाग या वस्तू सकाळपर्यंत तशाच राहत नाहीत, आणि पाण्यात पडून राहिलेले शरीर तर दर तासाला काही ना काही पुरावा गमावत असते. पंचनाम्यासाठी पंच लागतात, आणि ते सहसा त्याच वस्तीतून घ्यावे लागतात. ज्यांच्या अंगणासमोरून जमाव गेला, त्यांनीच सही करायची असते. पहिले शवविच्छेदन इतके उथळ झाले की पुरलेले मृतदेह उकरून ते पुन्हा करावे लागले. पुढे काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले.

गावाने मौन पाळले असे म्हटले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. एक गोष्ट गावाने लगेच सांगितली. सुरेखाबाईंचे त्या पोलीस पाटलाशी संबंध होते, अशी कुजबूज पोलिसांपर्यंत आणि तिथून पहिल्या बातम्यांपर्यंत पोहोचली. हत्येबद्दल मुकी असलेली वस्ती मेलेल्या बाईच्या चारित्र्याबद्दल मात्र बोलकी होती, आणि काही काळ तपासाची व वर्तमानपत्रांची दिशा त्या एका कुजबुजीने ठरवली.

दीक्षाभूमीचे हे दृश्य इथे मुद्दाम ठेवले आहे. त्या वर्षीचा दसरा २ ऑक्टोबरला होता आणि धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष होते. लाखो माणसे नागपुरात जमली होती. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात काय घडले, हे त्यांतील बहुतेकांना कळलेच नव्हते. ते कळले तेव्हा नोव्हेंबरमध्ये विदर्भातील रस्ते पेटले, आणि त्याच महिन्यात तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. म्हणजे पोलिसांना जे काम पहिल्या रात्री करायचे होते, ते सुरू व्हायला रस्त्यावरची गर्दी लागली.

केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबर २००६ मध्ये अकरा जणांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले. सुरुवातीला पकडलेले कितीतरी जण तोपर्यंत पुराव्याअभावी सुटले होते. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात उज्ज्वल निकम यांनी सरकारी बाजू मांडली. इथे त्या गावाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. काही साक्षीदार फितूर झाले हे खरे, परंतु गावातीलच मोजकी माणसे पिंजऱ्यात उभी राहून डोळ्यांनी पाहिलेले बोलली, आणि शिक्षा टिकली ती त्यांच्या शब्दांवर. खटला संपल्यावर त्यांना त्याच गल्लीत, त्याच हापशीवर पाणी भरायला जायचे होते. साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम १५अ अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आले ते २०१५ च्या दुरुस्तीने, आणि लागू झाले २६ जानेवारी २०१६ पासून.

१५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले व तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावण्यात आली. हत्येचे कारण जात नसून सूड आहे, असे न्यायालयाने मानले आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकला नाही. साक्ष दिल्याचा सूड जातीपासून वेगळा कसा काढता येतो, हे त्या पांदणीकडे पाहून आम्हाला समजलेले नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली.

भैयालाल भोतमांगे यांचे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात निधन झाले. तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते, आणि कागदोपत्री ते अखेरपर्यंत फिर्यादीच राहिले.